धनेशवाल्या मॅडम नवऱ्याला सोडत का नाहीत

येऊरची पक्षीफेरी संपली की चहाच्या टपरीवर कुणीतरी विचारतंच, "मॅडम, एवढं होऊनही तुम्ही त्यांच्याबरोबर राहता कशा?" त्याचं प्रकरण ठाण्यात सगळ्यांना ठाऊक आहे. ऐरोलीचं तेवढं कुणाला माहीत नाही.

फेब्रुवारीतला रविवार. ग्रुपला फ्लेमिंगो दाखवायला नेलं होतं. बोटीत चढण्याआधी वहीत नावं लिहायची होती. आधीच्या रविवारी गर्दी किती होती बघावं म्हणून मागचं पान उलटलं, तर त्याचं अक्षर. 'र'ची शेपटी लांब ओढतो तो. नावापुढे '२ जण'. त्या रविवारी तो ऑफिसात स्टॉक मोजत होता म्हणे. वीस वर्षांत माझ्याबरोबर एकदाही पक्षी बघायला न आलेला माणूस तिला घेऊन खाडीत गेला होता! लाइफ जॅकेटचा पट्टा मला लागेना. एका कॉलेजच्या पोराने लावून दिला. बोटीत नेहमीचं सगळं बोलले. कच्छच्या रणात वीण, जोडी बहुधा एका हंगामापुरती, पुढच्या वेळी जोडीदार नवा. कुणीतरी हसलं. मीही हसले.

त्याआधी कितीतरी वर्षं मी धनेश पक्ष्याचं कीर्तन करायचे. मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते, नर फटीतून वडा-उंबराची फळं भरवतो, बघा, संसार! पक्ष्यांच्या जवळपास ९० टक्के जाती जोडीने पिल्लं वाढवतात, हेही सांगायचे. १९८०च्या दशकापासून डीएनए तपासू लागल्यावर कितीतरी घरट्यांत दुसऱ्याच नराची पिल्लं निघाली, हे वाचलेलं होतं. ते गाळायचे. सस्तन प्राण्यांत तर जोडीने राहणाऱ्या जाती १० टक्केही नाहीत. पण त्याचं बिल सस्तन प्राण्यांवर फाडायला मी तयार नाही.

"पोलिसांत का नाही गेलात?" अहो, व्यभिचाराचं कलम ४९७ तर २०१८ मध्येच रद्द झालं, आणि होतं तेव्हाही बायकोला त्याखाली तक्रार करता येत नव्हती. घटस्फोट मिळाला असता, हो. घोडबंदरच्या फ्लॅटचा हप्ता, मुलीची दहावी, ही कारणं मी देते. माझ्या आईच्या डायलिसिसला आठवड्यातून दोनदा तोच बसायचा, हे नाही सांगत. त्याची वकिली केल्यासारखं होतं.

परवा जेवताना त्याने विचारलं, "आले का गं फ्लेमिंगो?"

"माहीत नाही," म्हटलं. आले होते.