मग तो जेवायचा काय?

"मावशी, मग तो जेवायचा काय?"

भाचीनं हे विचारलं आणि माझे हात कीबोर्डवर तसेच थांबले.

विषय कीथ ग्रीनचा निघाला होता. अमेरिकेतला ख्रिस्ती गायक, पियानो अक्षरशः बडवायचा. १९८० साली नवा अल्बम काढला तेव्हा त्यानं किंमतच ठेवली नाही. परवडेल तेवढं पाठवा, नसेल परवडत तर तसाच घेऊन जा! आणि तो करण्यासाठी राहतं घर गहाण टाकलेलं. दोन वर्षांत दोन लाखांवर प्रती गेल्या, त्यातल्या ६१ हजार फुकट.

मला हे वेडेपणाचं वाटायचं. पण जिथे कीर्तन करावं तिथे जेवू नये, हा दंडक आपल्याकडचाच ना?

२८ जुलै १९८२ ला टेक्सासमध्ये लहानशा विमानात १२ जण बसले. वजन झेपलं नाही, उडाल्याउडाल्या कोसळलं. कोणी वाचलं नाही. त्यात कीथ होता, आणि त्याची दोन चिमुकली मुलं. तो अवघा २८ वर्षांचा. बायको मागे राहिली, तिनं काम पुढे चालवलं. त्याची गाणी चर्चमध्ये अजून म्हटली जातात.

भाचीला काय उत्तर द्यावं सुचेना. "पोळी-भाजीच जेवत असेल," म्हटलं. ती हसली.

सकाळीच मी क्लासच्या ग्रुपवर टाकलं होतं : 'फी ५ तारखेच्या आत, नाहीतर पुढचा तास नाही.' खाली एका आईचा अंगठा. आणि त्याच आईचा वेगळा मेसेज : 'ताई, या महिन्यात जरा थांबाल का?'

अजून उत्तर दिलेलं नाही. तुम्ही काय लिहिलं असतं?