पैसे संपले नाहीत मामा, गाडी अशीच असते

पेंटर मामांनी परवा तिसऱ्यांदा विचारलं, "आरं बाळ, पैसं संपलं असतील तर सांग, मी उधारीवर मारतो की रंग." मामा मिरजेचे, उभा जन्म स्प्रे गन हातात गेला, त्यांच्या हातनं निघालेल्या गाडीत बघून भांग पाडता येतो. आणि अशा माणसाला मी सांगत होतो की बॉडी राखाडी प्रायमरवरच सोडा आणि बॉनेट काळ्या जेलकोटमध्ये, म्हणजे फायबरच्या वरच्या रंगीत थरात, आहे तसं राहू दे, घासू पण नका. त्यांना वाटणारच की पोराचं काहीतरी बिनसलंय.

गाडी आहे आण्णांची काँटेसा, हिंदुस्तान मोटर्सची जुनी. २०१९ च्या पुरात सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा गावभागातल्या आमच्या घराखाली ती उभी होती, आम्ही माणसं, गॅस सिलिंडर आणि आजीची ट्रंक काढली, गाडी राहिली. पाणी उतरल्यावर आत टॉपपर्यंत गाळ. सीटा कुजल्या, कार्पेट गेलं, दाराच्या आतली पॅडं फुगून सुटली, वायरिंग म्हणजे नुसता हिरवा चुरा. भंगारवाला दोनदा येऊन गेला पण आण्णा विकू देईनात. मग एके दिवशी रिकाम्या पत्र्याच्या त्या सांगाड्यात बसलो असताना लक्षात आलं की पुरानं माझं निम्मं काम फुकटात केलंय, कारण मी ज्या गाड्यांच्या मागं कित्येक वर्षं येडा झालोय त्यांच्यात पण आत काहीच नसतं.

त्या गाड्या म्हणजे अमेरिकेत साठच्या दशकात कंपन्यांनी स्वतःच ड्रॅग रेससाठी बनवून शोरूममधनं विकलेल्या गाड्या. ड्रॅग रेस आपल्या भागात समजवायला लागत नाही, बैलगाडीचं मैदान बघितलेल्याला दोन वाक्यात कळतं. सरळ पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, दोन गाड्या, आधी पोचला तो जिंकला. आता लायटीच्या खांबावर सुटतात पण १९६३ पर्यंत तिकडंही झेंडाच होता, माणूस मधे उभा राहून झेंडा उडवायचा. आणि गट पण पडतात. आपल्याकडं दात बघून आदत, दुसा, चौसा, तिकडं गाडीचं वजन आणि कंपनीनं सांगितलेली हॉर्सपॉवर बघून. आता कंपनीनंच सांगायची म्हणल्यावर काय होणार. फोर्डचं ४२७ क्युबिक इंचाचं इंजिन कागदावर ४२५ हॉर्सपॉवर, क्रायस्लरचं हेमी नावाचं इंजिन पण बरोब्बर ४२५, प्रत्यक्षात दोन्ही त्याच्या बरीच वर. दात लपवायची विद्या सगळीकडं सारखीच!

या सगळ्यात माझा जीव अडकलाय तो १९६४ च्या फोर्ड थंडरबोल्टवर. फेअरलेन नावाची मध्यम आकाराची फॅमिली गाडी, तिच्यात हे सात लिटरचं धूड बसवायचं, तर बसेचना, म्हणून पुढचे शॉक अब्सॉर्बरचे टॉवर कापून सस्पेन्शनच बदललं. बॉनेट, फेंडर फायबरचे, खिडक्या प्लास्टिकच्या. हीटर नाही, रेडिओ नाही, सनव्हायझर नाहीत, आवाज अडवायचं डांबर नाही, स्टेपनी नाही, जॅक नाही. चार हेडलाइटपैकी आतले दोन काढून तिथं जाळी, आणि त्या भोकातनं जाड पाइप थेट कार्ब्युरेटरपर्यंत, गार हवा मिळावी म्हणून. आणि एवढं ग्रॅम-ग्रॅम वाचवून झाल्यावर बॅटरी मात्र ट्रकची, भलीमोठी, ती डिकीत उजव्या कोपऱ्यात. कारण जोरात सुटताना मागचं उजवं चाक हलकं पडून जागेवर फिरतं, त्याच्यावर हा धोंडा. अशा १०० गाड्या केल्या, पहिल्या ११ मरून आणि बाकी सगळ्या पांढऱ्या.

आणि ग्लोव्ह बॉक्सच्या दारावर धातूची एक पाटी. तिचा मतलब असा की ही गाडी खास कामासाठी वजन कमी करून बनवलीय, त्यामुळं बाहेरच्या पत्र्यांची बसवणूक आणि दिसणं आमच्या नेहमीच्या दर्जाचं नाही. कंपनी स्वतःच्या नव्या कोऱ्या गाडीवर पाटी लावून सांगते की काम ओबडधोबड आहे!! मी ही पाटी पहिल्यांदा फोटोत वाचली तेव्हाच या गाड्यांच्या प्रेमात पडलो.

१९६८ ची हेमी डार्ट, म्हणजे क्रायस्लरच्याच डॉज डार्टमध्ये ते हेमी इंजिन, ती तर अजून भारी. दारांचा पत्रा ॲसिडनं खाऊन पातळ केलेला, काचा नेहमीपेक्षा पातळ, सीट कंपनीच्याच व्हॅनमधनं आणलेल्या, खिडकी वर-खाली करायला हँडल नाही तर पट्टा. आणि गाडी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची ती प्रायमरवर, पुढचं फायबर काळ्या जेलकोटमध्ये, रंग तुझा तू मार. पॉन्टियाक कंपनीवाल्यांनी १९६३ ला वजन कमी करायला चासीला भोकंच पाडली, अशा १४ गाड्या झाल्या, लोक त्यांना भोकाभोकांच्या स्विस चीजच्या नावानं ओळखतात. मी आमच्या आईला फोटो दाखवला, ती म्हणाली झारा आहे की रे हा.

आता या गाड्या रिस्टोअर करायच्या म्हणजे सगळं उलटं होऊन बसतं आणि मला लिहायचं होतं ते हेच. बाकीच्या जुन्या गाडीत हरवलेलं शोधून परत बसवायचं असतं. इथं नसलेलं जपायचं. क्लिप नसलेली भोकं तशीच ठेवायची, दाराची फट वाकडी होती तर वाकडीच ठेवायची, प्रायमरचा फवारा खालच्या बाजूला अर्धवट गेला होता तर तसाच अर्धवट मारायचा, आणि वाईट काम मुद्दाम करणं हे चांगलं काम करण्यापेक्षा लय अवघड आहे, विश्वास नसेल तर मामांना विचारा. मग लोक कंटाळून आरशासारखा रंग मारतात, फटी सुईनं मोजल्यासारख्या करतात, अन् शोमध्ये बक्षीस घेतात. दिसते सुंदर, पण ती गाडी त्या कारखान्यातनं कधी निघालीच नव्हती. त्यात अजून एक गुंता. ज्यानं तेव्हा अशी गाडी घेतली त्यानं पहिल्या सीझनलाच रंग मारला, दारावर स्वतःचं नाव लिहिलं, इंजिन फोडलं, दुसरं घातलं. मग नेमकी कुठल्या दिवसाची गाडी परत आणायची, डिलिव्हरीच्या की जिंकल्याच्या? मला विचाराल तर जिंकल्याच्या, पण माझं ऐकतंय कोण.

आणि प्रतिकृती, म्हणजे तिकडं ज्याला क्लोन म्हणतात, त्या सोप्या पडतात कारण साधी डार्ट ढिगानं बनली. फायबरचं पुढचं तोंड, हेमी, झाली तयार. पण खऱ्या हेमी डार्टचा कारखान्यातला गाडी नंबर एलओ २३ नं सुरू होतो, तिच्या जोडीच्या प्लिमथ बॅराकुडाचा बीओ २९ नं, त्यामुळं जाणकार आधी त्या नंबरची पट्टी बघतो मग इंजिन. क्लोन करण्यात मला काही गैर वाटत नाही. क्लोन म्हणून सांगत नाहीत ते गैर.

माझी तर क्लोन पण नाही, खिचडी आहे. काँटेसाला पण पुढं चार गोल हेडलाइट, तिथंच डोकं फिरलं. तोंड थंडरबोल्टचं, प्रायमर हेमी डार्टचा, इंजिन तिचंच इसुझूचं १.८ लिटरचं, जे पुरानंतर जाम झालं होतं ते बोअर करून सुटलं. वाघाचा मुखवटा घातलेली शेळी म्हणा हवं तर.

बॉनेट मात्र मन लावून केलं. माझा धंदाच फायबरचा, कुपवाड एमआयडीसीत शेड आहे, कूलरच्या बॉड्या आणि ट्रॅक्टरची हूडं निघतात. थंडरबोल्टच्या बॉनेटवर मधे थेंबासारखा फुगवटा असतो, तो फोटो बघून थर्माकोल आणि पुट्टीनं ओरिजिनल बॉनेटवर उभा केला, त्यावरनं साचा घेतला. साच्याला वॅक्सचे सहा हात द्यायचे, मी पोराला सांगितलं आणि फोन आला म्हणून बाहेर गेलो. त्यानं दोन दिले. मी न बघता जेलकोट मारला, काचेच्या धाग्यांची मॅट अंथरली, रेझिन, रोलर, परत मॅट. दुसऱ्या दिवशी बॉनेट सुटेना. लाकडी पाचरी मारल्या, फटीत पाणी सोडलं, रबरी हातोड्यानं चहुबाजूंनी ठोकलं, तासाभरानं कट्ट असा आवाज आला आणि सुटलं, पण फुगवट्याच्या टोकाला तळहाताएवढा जेलकोट साच्यालाच राहिला. साचा घासून, नीट वॅक्स करून दुसरं काढलं. पत्र्याचं बॉनेट काट्यावर १९ किलो, हे साडेसात. कडेला थोडं लहरतं. पहिल्यांदा आयुष्यात लहर बघून आनंद झाला.

खिडक्यांना भंगारातल्या सीटबेल्टचे पट्टे लावलेत, बटण दाबून अडकवायचे. ओरिजिनल बॉनेट आणि आतले दोन हेडलाइट गोधडीत गुंडाळून माळ्यावर, एकही भोक बॉडीत नवीन पाडलेलं नाही, कारण मोटर वाहन कायद्याचं कलम ५२, जे गाडीत परस्पर बदल करू देत नाही, आणि कारण आण्णा. रस्त्यावर ही काढायचीच नाही, तासगावकडं मित्राच्या द्राक्षबागेला लागून त्याचा स्वतःचा सरळ रस्ता आहे, टेम्पोवर घालून तिथं न्यायची.

मामांना शेवटी मोबाइलवर डार्टचे फोटो दाखवले. बराच वेळ झूम करून बघितलं. "कंपनीच असं द्यायची व्हय?" म्हणले. मग खिशातनं चष्मा काढला, परत बघितलं. "हितं ह्या कडंला प्रायमर कमी पडलाय बघ. तसंच मारू का?"

काल पाटी करायला टाकली, गणपती पेठेत नेमप्लेट करणाऱ्याकडं. मजकूर कागदावर लिहून दिला: "ही थंडरबोल्ट नाही. ही कुठल्याही कारखान्यात बनलेली नाही. कुपवाडच्या शेडमध्ये केली आहे, फटी वाकड्या आहेत." त्यानं दोनदा वाचलं, माझ्याकडं बघितलं, काही बोलला नाही. फक्त विचारलं, "वर श्री गणेश प्रसन्न घालू का दादा? त्याचे वेगळे घेत नाही."

घाला म्हणलं.