ड्राइव्ह-थ्रूच्या खिडकीमागून

मी कॅनडाच्या ओंटारियो प्रांतातल्या हॅमिल्टनमध्ये शिकते आणि कॉलेज सांभाळून टिम हॉर्टन्स या कॉफी-डोनटच्या साखळीच्या एका दुकानात काम करते. भारतात ही साखळी २०२२ मध्ये दिल्लीत आली, त्यामुळे नाव काहींच्या कानावर असेल. इथे मात्र हे घराघरातलं नाव आहे, आणि हॅमिल्टनमध्ये तर जास्तच. टिम हॉर्टन हा टोरांटो मेपल लीफ्सचा आइस हॉकीपटू. त्याचं पहिलं दुकान १९६४ साली याच शहरात, ऑटवा स्ट्रीटवर निघालं. १९७४ मध्ये तो मोटार अपघातात गेला आणि पुढे धंदा वाढवला तो त्याचा भागीदार रॉन जॉइसने. हा रॉन आधी हॅमिल्टनच्या पोलीस खात्यात होता. हॅमिल्टन पोलादाचं शहर आहे, कारखान्यांच्या पाळ्यांवर जगत आलेलं. पहाटे पाचला आमच्या दुकानाबाहेर गाड्यांची रांग लागते, ती त्यामुळेच.

फोनवर आत्याने विचारलं, "म्हणजे कप विसळतेस का गं?" विसळते. फरशीही पुसते, कचऱ्याच्या पिशव्याही बाहेर नेते. पण मधले आठ तास काय चालतं ते आत्याला फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते.

ड्राइव्ह-थ्रूवर, म्हणजे गिऱ्हाईक गाडीत बसूनच ऑर्डर देतं आणि घेऊन जातं त्या खिडकीवर, कानाला हेडसेट असतो. खिडकीशी थांबलेल्या गाडीतल्या माणसाकडून पैसे घ्यायचे, त्याच्याशी दोन शब्द बोलायचे आणि त्याच वेळी कानात मागच्या गाडीची ऑर्डर ऐकून ती यंत्रावर मारायची. वर पडद्यावर प्रत्येक गाडीचे सेकंद पळत असतात. "लार्ज डबल-डबल" म्हणजे दोन क्रीम, दोन साखर. "रेग्युलर" म्हणजे एक-एक. कोणी "फोर बाय फोर" म्हणतं, कोणी नुसतंच "ब्लॅक". क्रीम आणि साखर यंत्रातून येते आणि कपाच्या मापाचं बटण वेगळं असतं, कारण मोठ्या कपातलं 'एक क्रीम' लहान कपातल्यापेक्षा जास्त असतं. कॉफी उकळून २० मिनिटं झाली की उरलेली ओतून टाकायची आणि नवीन लावायची. गर्दीत हे गणित सतत डोक्यात ठेवावं लागतं: आत्ता किती भांडी भरलेली आहेत, कोणतं आधी संपेल, शाळेची वेळ झाली की किती लागतील.

मला सगळ्यात अवघड गेलं ते ऐकणं. माझं इंग्रजी माध्यमातलं शिक्षण इथे फारसं उपयोगी पडलं नाही. चालू इंजिनाच्या आवाजात, अर्धी काच खाली करून, इटलीहून तरुणपणी आलेले आजोबा वेगळं बोलतात, जमैकाच्या बाई वेगळं, आणि न्यूफाउंडलंडचा ट्रक ड्रायव्हर आणखी वेगळं. आमची शिफ्ट सुपरवायझर फिलिपिन्सची आहे, पन्नाशीची. तिने मला एक गोष्ट शिकवली: शब्द पकडू नकोस, क्रम पकड. आधी माप, मग पेय, मग क्रीम-साखर, शेवटी खाणं. तेव्हापासून कान बसला. ती एका वेळी तीन ऑर्डरी डोक्यात ठेवते आणि नेहमीच्या माणसाची गाडी वळताना दिसली की त्याचा कप भरायला घेते. हे कौशल्य आहे, आणि मला तिच्याबद्दल फार आदर वाटतो.

गल्ल्यावर बसल्याशिवाय कळणार नाहीत अशाही काही गोष्टी आहेत. २०१३ पासून इथे एक सेंटचं नाणं वाटपात नाही, त्यामुळे रोख रक्कम जवळच्या पाच सेंटांवर नेतात, कार्डावर मात्र नेमकी कापतात. ओंटारियोत चार डॉलरपर्यंतच्या तयार खाण्यावर ५ टक्के कर, त्याच्या वर गेलं की १३ टक्के. आणि डोनट सहा किंवा जास्त घेतले तर कर नाहीच, कारण कायद्याने तो किराणा ठरतो! जुनी गिऱ्हाइकं बरोबर सहा मागतात.

आता इकडे येऊ घातलेल्यांसाठी कामाचं. पाटी साखळीची असली तरी इथली बहुतेक दुकानं फ्रँचायझीवर चालतात, म्हणजे तुमचा पगार देणारा स्थानिक मालक असतो. एकाच पाटीखाली दोन दुकानांत वातावरण अगदी वेगळं असू शकतं. तेव्हा अर्ज करण्याआधी तिथे काम करणाऱ्या कोणाशी तरी बोला. माझ्या वर्गातल्या एका मुलाला भलत्याच एका उपाहारगृहात प्रशिक्षणाचे तास बिनपगारी सांगितले होते. ओंटारियोत मालकाने लावलेलं प्रशिक्षण हे काम धरलं जातं आणि त्याचे पैसे द्यावेच लागतात. हे त्याला उशिरा कळलं, याचं मला अजून वाईट वाटतं. सलग पाच तासांपेक्षा जास्त काम जेवणाच्या अर्ध्या तासाशिवाय करून घेता येत नाही. तो अर्धा तास मात्र बहुधा बिनपगारी असतो. टिपवर मालकाचा हक्क नसतो.

१ ऑक्टोबर २०२५ पासून ओंटारियोत किमान वेतन तासाला १७.६० डॉलर आहे. परदेशी विद्यार्थ्यांना सत्र चालू असताना कॉलेजबाहेर आठवड्याला २४ तासच काम करता येतं. गुणाकार करा: आठवड्याचे ४२२ डॉलर, तेही कपातीआधी. त्यात किराणा, बस आणि भाड्याचा काही भाग निघतो. फी निघत नाही. एजंट काहीही सांगो, आई-बाबांनी कर्जाचा हप्ता या पगारावर धरू नये. रोख मिळतं म्हणून २४ च्या वर जाणारी मुलं आपला व्हिसा पणाला लावतात.

वसंतात एक आठवडा आम्ही स्माइल कुकी विकतो. १९९६ मध्ये हॅमिल्टनच्याच मुलांच्या हॉस्पिटलसाठी हे सुरू झालं, आता देशभर चालतं आणि पैसे स्थानिक संस्थांना जातात. प्रत्येक कुकीवर डोळे आणि हसू हाताने काढायचं असतं. त्या आठवड्यात मी ट्रेमागून ट्रे रंगवत होते आणि रोज ब्लॅक कॉफी नेणारे एक निवृत्त पोलाद कामगार दोन डझन घेऊन गेले, नातवाच्या वर्गासाठी. पुढच्या सत्रात मी बेकिंगची रात्रपाळी मागितली आहे, कारण सकाळचं लेक्चर बदललंय. मिळाली तर तीही शिकून घेईन.