सिंहगड चढाई नोंदवही: दम आधी सुधारतो, पाय मागून येतात

पायथ्याची आटकरवाडी ते गडाचा पुणे दरवाजा. अंतर साधारण 2.7 किमी, चढ 600 मीटरच्या आसपास. वाट दर वेळी तीच, त्यामुळे शरीरात काय बदललं ते इथे मोजता येतं. नोंदवहीचे रकाने: चढायची वेळ, सरासरी ठोके, वर पोचून उभं राहिल्यावर एका मिनिटात ठोके किती उतरले, उतरायची वेळ, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या कशा होत्या. शेवटचा रकाना बहुतेक जण भरत नाहीत. सगळ्यात उपयोगी तोच.

वेळेवरून काय कळतं

चढावर चालताना किती प्राणवायू लागतो याचं एक जुनं सूत्र आहे. मिनिटाला पुढे गेलेले मीटर गुणिले 0.1, मिनिटाला वर चढलेले मीटर गुणिले 1.8, आणि त्यात 3.5 मिळवायचे. उत्तर येतं ते दर किलो वजनामागे मिनिटाला किती मिलिलिटर हे. या वाटेवर 90 मिनिटं लागली तर 18.5, 60 मिनिटांना 26, 45 मिनिटांना 33.5. स्वस्थ बसल्यावर हा आकडा 3.5 असतो. सूत्र ट्रेडमिलच्या गुळगुळीत पट्ट्यावरचं असल्याने दगड आणि घसाऱ्यावर खरी गरज थोडी जास्तच असते. सरबताच्या टपरीवर घड्याळ मात्र थांबवू नका. हृदय विश्रांती घेतं आणि वेळ मोजली जात नाही, मग आकडा उगाच फुगतो. पाठीवरचं ओझंही दर वेळी तेवढंच ठेवा.

आठवडे 1–2

पहिली सुधारणा रक्तात होते. काही दिवसांतच रक्तातला द्रव भाग वाढतो, एका ठोक्याला जास्त रक्त पुढे जातं आणि तोच चढ कमी ठोक्यांवर जमतो. इथेच लोक फसतात. दम सुधारला म्हणून वेग वाढवतात, पण स्नायूबंध आणि सांधे अजून होते तिथेच असतात. या टप्प्यात पूर्ण वाक्य न तुटता बोलता येईल इतकाच वेग. कमाल ठोक्यांचा अंदाज 208 वजा वयाच्या 0.7 पट, 45 व्या वर्षी साधारण 176. माणसागणिक यात दहाएक ठोक्यांचा फरक सहज पडतो, म्हणून बोलण्याची कसोटी जास्त भरवशाची. बीटा ब्लॉकर (ठोके कमी ठेवणाऱ्या) गोळ्या चालू असतील तर ठोक्यांचा रकाना सोडूनच द्या. मनगटावरचं घड्याळ कधीकधी पावलांची लय हीच नाडी समजतं. छातीवरचा पट्टा बरा.

आठवडे 3–6

आता स्नायूंच्या आत बदल होतो: ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया वाढतात, केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं. फक्त रविवारच्या गडावर हे अर्धवटच होतं. काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतो आणि त्यानंतरही इन्सुलिनला चांगला प्रतिसाद देतो, पण हा परिणाम दोन-तीन दिवसांत ओसरतो. म्हणून मधल्या वारी जिना. मजला 3 मीटर धरला तर सहा मजले म्हणजे 18 मीटर. दहा फेऱ्यांत 180.

जिन्याची बाजू जुनी आहे. 1953 मध्ये ब्रिटिश संशोधक जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसमधल्या कामगारांची पाहणी प्रसिद्ध केली. दिवसभर वर-खाली करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकार बसून असलेल्या चालकांपेक्षा कमी होता. पुढे 1956 मध्ये गणवेशांची मापं तपासली, तर तरुण चालकांचीही कंबर वाहकांपेक्षा मोठी निघाली. म्हणजे सगळं श्रेय जिन्याचं नव्हे. तरी नंतरच्या असंख्य अभ्यासांनी दिशा तीच दाखवली.

उतार

गड उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो. त्यातून तंतूंना बारीक इजा होते आणि दुखणं 24 ते 72 तासांत कळसाला जातं. लॅक्टिक ॲसिडवर खापर फोडतात, पण ते तासा-दोन तासांत निघून गेलेलं असतं. गंमत अशी, की उताराचा एक हलका डोससुद्धा पुढचे काही आठवडे संरक्षण देतो. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिल्यांदा निम्म्यातूनच परतावं, किंवा वर जाऊन डांबरी रस्त्याने जीपने खाली यावं.

घरी 15–20 सेंमीच्या पायरीवरून एक पाय खाली सोडायचा, तीन सेकंद मोजत. 10 वेळा, तीन फेऱ्या. गुडघा आत वळू देऊ नका. उतरताना पावलं छोटी, गुडघा किंचित वाकलेला, काठी चढाईपेक्षा थोडी लांब. बुटाची नाडी घोट्याजवळ घट्ट, नाहीतर अंगठ्याचं नख काळं पडतं.

सकाळी पहिल्या पावलाला टाचेमागची शीर आखडलेली वाटली तर वेग वाढवणं थांबवा. पायरीच्या कडेवर चवडे टेकवून टाच सावकाश खाली सोडायची. 15 वेळा, तीन फेऱ्या, गुडघा सरळ ठेवून आणि मग वाकवून. फरक दिसायला 12 आठवडे लागतात.

उतारानंतर लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. चढताना छातीत दाब आला, तर तिथेच थांबायचं.

वजनाचा रकाना का नाही

70 किलोचं शरीर 600 मीटर वर नेणं म्हणजे 412 किलोज्यूल काम. स्नायू खर्चाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाइतकंच काम देतात, म्हणून खर्च 400 ते 500 किलोकॅलरी. पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही तो सहज भरून काढतं.

आठवडे 7–12

तीच वेळ आणि ठोके आठ-दहाने कमी, ही खरी प्रगती. त्यानंतर वेग वाढवा किंवा ओझं; एका वेळी दोन्ही नको. पावसाने दोन-तीन आठवडे खंड पडला तर आधी रक्तातला वाढलेला द्रव कमी होतो आणि ठोके पुन्हा चढतात. अशा वेळी पहिल्या चढाईला जुन्या वेळेत दहा मिनिटं मिळवायची, आणि ओल्या दगडांवर उतरायची वेळ नोंदवायचीच नाही.