तुम्ही विचारलंत म्हणून: ज्यांना खेळता येत नाही, त्यांना गुण कशाचे देता?

साताऱ्यातील एका महाविद्यालयात मी शारीरिक शिक्षण शिकवते. प्रवेशाच्या दिवसांत पालक आणि निकालाच्या दिवसांत माझेच सहकारी मला एक प्रश्न हमखास विचारतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० लागू झाल्यापासून खेळ आणि योग यांना पदवीत श्रेयांक (क्रेडिट) मिळू लागले हे ठीक, पण जिने दहावीनंतर मैदानावर पाऊलच ठेवले नाही, त्या मुलीला या विषयात गुण द्यायचे तरी कशाचे? तिचे नाव आणि जिल्हा संघातल्या कबड्डीपटूचे नाव एकाच यादीत असेल, तर कोणावर तरी अन्याय होणारच, असा या प्रश्नाचा रोख असतो.

माझे म्हणणे असे आहे की हा अभ्यासक्रम मुळात त्या मुलीसाठीच आहे. कबड्डीपटूला प्रशिक्षक असतो, संघ असतो, स्पर्धांचे वेळापत्रक असते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांसाठी संघ निवडायचा, त्याच्या गणवेशाची आणि प्रवासभत्त्याची सोय करायची आणि बाकीच्या विद्यार्थ्यांनी कडेला उभे राहून टाळ्या वाजवायच्या, एवढेच जिमखान्याचे काम अशी समजूत अनेक ठिकाणी रुजून बसली आहे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली आणि पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ साली ज्या प्रांतात उभे राहिले, तिथे महाविद्यालयीन व्यायाम मोजक्या खेळाडूंपुरता उरावा, याचे मला मनापासून वाईट वाटते.

गुणांचा प्रश्न मोजमापाशी येऊन थांबतो, म्हणून त्याबद्दल सविस्तर सांगते. बारा मिनिटांत जास्तीत जास्त किती अंतर कापता येते, हे पाहणारी कूपर चाचणी बहुतेक सर्व क्रीडाशिक्षकांना ठाऊक आहे. डॉ. केनेथ कूपर यांनी ती १९६८ साली प्रसिद्ध केली आणि तिचा आधार अमेरिकी हवाई दलातील पुरुषांच्या चाचण्या हा होता. अशा चाचणीवरून बेतलेला तक्ता समोर ठेवून, कधी न धावलेल्या अठरा वर्षांच्या मुलीला ‘असमाधानकारक’ असा शेरा देणे मला पटत नाही, कारण त्या शेऱ्यातून तिला पुढे काय करायचे ते कळत नाही आणि ती मैदानापासून आणखी दूर जाते. आम्ही चाचणी तीच घेतो, पण तुलना तिच्या स्वतःच्या पहिल्या नोंदीशी करतो. आमच्या मैदानावरची फेरी दोनशे मीटरची आहे. सुरुवातीला थांबत-चालत सात फेऱ्या पूर्ण करणारी मुलगी सत्राच्या शेवटी साडेआठ फेऱ्या पूर्ण करते, तेव्हा तिने १,४०० मीटरवरून १,७०० मीटरपर्यंत मजल मारलेली असते, आणि माझ्या नोंदवहीत ही वाढ पहिल्याच दिवशी २,७०० मीटर धावून शेवटीही तेवढेच धावणाऱ्या खेळाडूच्या कामगिरीपेक्षा मोठी ठरते. त्या खेळाडूवर यात अन्याय होत नाही, कारण कंबर आणि मांड्यांची लवचीकता मोजायला बसले की बऱ्याच धडधाकट मुलांची बोटे पावलांपर्यंतही पोहोचत नाहीत, आणि मग त्यांनाही सुधारायला भरपूर वाव सापडतो.

पहिले सत्र पावसात जाते आणि मैदानावर चिखल असतो, त्यामुळे ते महिने आम्ही सभागृहात काढतो. सूर्यनमस्कार, बैठका, दोरीच्या उड्या आणि पायरीवरची चढउतार हे सगळे असतेच, पण त्याआधी प्रत्येकाला नाडी मोजायला शिकवते. तळहात वर करायचा, मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तर्जनी आणि मधले बोट हलकेच टेकवायचे, पंधरा सेकंद ठोके मोजायचे आणि चारने गुणायचे. अंगठा वापरायचा नाही, कारण त्याचे स्वतःचेच ठोके जाणवतात. पायरीवरची चढउतार संपताच एकदा आणि मिनिटभराने पुन्हा एकदा नाडी मोजली की किती ठोके उतरले ते कळते, आणि सराव वाढत जातो तसा हा उतार साधारणपणे वाढताना दिसतो. आपल्या शरीरात झालेला बदल मुलांना स्वतःच्या बोटांखाली कळला की हजेरीसाठी त्यांच्या मागे लागावे लागत नाही, हा माझा अनुभव आहे.

दुसऱ्या सत्रात, थंडी असेपर्यंत, आम्ही अजिंक्यताऱ्यावर जातो. चढताना दम लागतो, पण पाय घसरतो तो बहुधा उतरताना, म्हणून आमची परीक्षा उतरण्याची असते. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-खड्यांच्या निसरड्या उतारावर, मुले घाबरून मागे झुकतात, त्यामुळे सगळा भार टाचेवर येतो आणि पाय निसटतो. गुडघे किंचित वाकवून, लहान पावले टाकत, पूर्ण तळवा जमिनीला टेकवत उतरायचे असते, हे एकदा सांगून भागत नाही; प्रत्येकाच्या शेजारी उभे राहून करून घ्यावे लागते. सर्वांत आधी पायथा गाठणाऱ्याला वेगळे गुण नाहीत. गटातल्या सर्वांत हळू चालणाऱ्याच्या गतीने गट चालला का, शेवटी कोणी राहायचे हे आधी ठरले होते का, आणि प्रत्येकाच्या पाठीवर स्वतःचे पाणी होते का, याला मात्र गुण आहेत.

उरलेले गुण वहीला असतात. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. ती आपल्या दिनक्रमात कशी बसवणार, याचा चार आठवड्यांचा आराखडा प्रत्येकाला स्वतः आखावा लागतो. एसटीने रोज खेड्यातून येणारी मुलगी आणि वसतिगृहात राहणारा मुलगा यांचे आराखडे एकसारखे आले, तर मी ते परत करते. दमा असलेल्यांची किंवा अपंगत्व असलेल्यांची चाचणी डॉक्टरांच्या सल्ल्याने बदलते, पण त्यांना सूट देऊन कडेला बसवणे मला मान्य नाही.

हे सगळे नियमित तास मिळाले तरच साधते. शारीरिक शिक्षणाचा तास अन्य विषयांच्या राहिलेल्या भागासाठी वापरायचा आणि सत्राच्या शेवटी कागदोपत्री गुण भरायचे, असे जिथे घडते, तिथे पालकांची शंका रास्त आहे, आणि त्यांनी ती प्राचार्यांकडे जाऊन अवश्य मांडावी.

पालकांनी आणखी एक गोष्ट करावी. पुष्कळ मुली पहिल्या तासाला चपला घालून येतात, कारण धावण्याचे बूट भावाला घेतलेले असतात, तिला नाही. महागडे बूट लागत नाहीत. टाच आत हलणार नाही आणि बोटांपुढे थोडी जागा उरेल, असे बूट तिला सोबत नेऊन संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात आणि सकाळी बरोबर वाटलेला बूट धावताना आवळतो.