पंख दोन, हिशेब एकाचा

आमच्या विंड टनेलचा, म्हणजे पंख्याच्या वाऱ्यात मॉडेल तपासायच्या बोगद्याचा, टेस्ट सेक्शन (मॉडेल बसवायची जागा) एक फूट बाय एक फूट. पंखा पूर्ण सोडला तरी वारा ताशी १०८ किलोमीटर. इस्रोचं पंखवालं यान ‘पुष्पक’ चित्रदुर्गजवळच्या धावपट्टीवर टेकतं तेच ताशी ३२० च्या वर. तरीही जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या पोरांनी परत येणाऱ्या पंखवाल्या यानाचा प्रोजेक्ट घेतला, आणि मी लॅब असिस्टंट, म्हणून तो माझ्या गळ्यात पडला.

खरं यान साडेसहा मीटर लांब, आमचं मॉडेल साडेएकवीस सेंटिमीटर. फोटोंवरून बेतलेलं, थ्रीडी प्रिंटरवर काढून पॉलिश पेपरने घासलेलं. बोथट नाक, दुहेरी त्रिकोणी पंख, मागे दोन उभ्या शेपट्या. नाक बोथट का, हे प्रत्येक पाहुणा विचारतो. प्रचंड वेगाने वातावरणात शिरताना बोथट नाकापुढे शॉक वेव्ह (दाबलेल्या हवेची लाट) जरा लांब उभी राहते आणि बरीचशी उष्णता हवेतच निघून जाते. टोकदार नाक आधी जळेल. आमच्या वाऱ्यात या गुणाचा काही उपयोग नाही, नुसता ड्रॅग, म्हणजे हवेचा विरोध, वाढतो.

मे महिना, लॅबमध्ये ४४ अंश. सॉफ्टवेअर हवेची घनता घनमीटरला १.२२५ किलो धरून बसतं. आपल्याकडे त्या दुपारी ती १.०८ च्या आसपास असते. आकडा बदलला नाही तर लिफ्टचा (वर उचलणाऱ्या बळाचा) गुणांक बारा टक्क्यांनी कमी दिसतो आणि पोरं मॉडेलला दोष देतात. मॅन्युअल लिहिणारा उन्हाळ्यात खानदेशात आलेला नसावा.

पंखांवर सुताचे तुकडे चिकटवायचे काम मी कुणाला देत नाही. एकेरी धागा, पीळ सोडवलेला, टोकाला गाठ नको. चिकटपट्टी जाड झाली तर तीच प्रवाह बिघडवते. त्रिकोणी पंखाच्या पुढच्या कडेवरून हवा सुटते, तिचा भोवरा होतो आणि तो भोवराच पंखाला वर ओढतो. म्हणून साधा पंख जिथे हात टेकतो, त्याच्या बऱ्याच पुढच्या कोनापर्यंत हा टिकतो. भोवरा फुटला की सूत लगेच सांगतं.

मॉडेलचं नाक वाऱ्यात हळूहळू वर उचलत गेलो, २४ अंशांच्या कोनापर्यंत सगळं गुण्यागोविंदाने चाललं. २६ ला यावलकडची पोरगी ओरडली, “आप्पा, डावा दोरा उलटा फिरी ऱ्हायना!” उजव्या पंखावरचे धागे सरळ मागे, डाव्यावरचे पुढे तोंड करून फडफडत होते. बॅलन्सवर, म्हणजे बळ मोजणाऱ्या काट्यावर, साइड फोर्स (बाजूला ढकलणारं बळ). यान वाऱ्याला सरळ समोर असताना तो यायचं कारण नाही.

गाइड सर म्हणाले, मॉडेल वाकडं छापलंय, नवीन छापा. सरांचा सगळ्यावर हाच इलाज. मी मॉडेल पोट वर करून बसवलं आणि कोनही उलट्या दिशेने दिला. दोष मॉडेलचा असेल तर त्याच्या डाव्या पंखाबरोबर पलीकडे जाईल. टनेलचा असेल तर जागच्या जागी राहील. तो जागीच राहिला.

टनेलचं तोंड उघडलं तर वारा सरळ करणाऱ्या हनीकोंबच्या नळ्यांत कुंभारमाशीने मातीची घरं केलेली, एका कोपऱ्यात पंजाएवढी जागा बंद. तोंडाला जाळी हवी म्हणून अर्ज दरवर्षी खरेदी समितीकडे जातो. जाळीचं उद्घाटन करता येत नाही, मग ती मंजूर कशी होणार? पातळ पत्रा वाकू नये म्हणून एकेक नळी बारीक तारेने साफ केली.

नंतर डावा भोवरा २८ अंशांपर्यंत टिकला. पण उजवा ३० च्या पुढे गेला. मॉडेल परत उलटं केलं, आणि आता दोष मॉडेलबरोबर गेला! नख फिरवून पाहिलं तर डावी कड घासताना जरा जास्त गोल झालेली.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सूत बघितलंच नाही. त्यांना पोरांनी कॉम्प्युटरवर हवेच्या प्रवाहाचं गणित सोडवून काढलेली रंगीत चित्रं आवडली. “इथे तर दोन्ही पंख सारखे आहेत. तुमचा प्रयोग चुकलाय, २४ च्या पुढचे बिंदू काढून टाका.”

पोरगी म्हणाली, “सर, वेळ वाचवायला आम्ही अर्धंच यान सोडवलंय. दुसरा पंख पहिल्याचंच प्रतिबिंब आहे, तो वेगळा दिसणारच नाही.” बिंदू तिने काढले नाहीत. गुण कापले गेले.

परीक्षकांचं एक म्हणणं मात्र मला खोडता येत नाही. उतरताना यान इतका कोन घेत नाही. मोठा कोन असतो तो वातावरणात शिरताना, अमेरिकेच्या स्पेस शटलचा ४० अंश होता, आणि तिथल्या वेगाबद्दल आमच्या टनेलला काही बोलायचा अधिकार नाही. मोठ्या टनेलांनाही तिथे पुरतं कळत नव्हतं. एप्रिल १९८१ मध्ये कोलंबिया शटल पहिल्यांदा परतलं तेव्हा शेपटीकडचा बॉडी फ्लॅप (पोटाखालची हलती पट्टी) अंदाजाच्या जवळपास दुप्पट वाकवावा लागला. इतक्या तापलेल्या हवेचे रेणू तुटतात, दाबाची वाटणी बदलते. टनेलात ते नीट उतरलं नव्हतं.

पण म्हणून आपल्या वाऱ्यात दिसलेलं खोडून टाकायचं? २८ आणि ३० मधला फरक एकट्या गोल कडेचा, की प्रवाहात अजून काही उरलंय, हे मला ठरवायचं आहे. दोन्ही कडा सारख्या धारेच्या केलेलं मॉडेल तयार आहे. टनेलच्या पंख्याचा वेग बदलणारा इन्व्हर्टर तेवढा जळालाय, आणि तो अर्जही त्याच समितीकडे आहे.