डॉक्टर कधी येणार?

मागच्या रविवारी आईशी व्हिडिओ कॉल चालू होता आणि मागून लेक ओरडला, "आई, डॉक्टर आता थेट नाताळातच येणार म्हणे!" आईचा चेहरा उतरला. "कोणाला बरं नाहीये? आणि जानेवारीत बोलावलेला डॉक्टर नाताळात?" इथल्या अपॉइंटमेंटांबद्दल कधीतरी वेगळं लिहीन, पण हा डॉक्टर तो नव्हे. आईला समजावण्यात अर्धा तास गेला. म्हटलं, आता लिहूनच काढावं.

तर, आम्ही राहतो वेल्समधल्या कार्डिफला, आणि कार्डिफमध्ये सध्या 'डॉक्टर हू'ची वाट पाहणं चालू आहे. बीबीसीची ही विज्ञानमालिका २३ नोव्हेंबर १९६३ला सुरू झाली. आदल्याच दिवशी केनेडींची हत्या झालेली, लोकांचं लक्ष कुठलं लागायला! म्हणून पुढच्या शनिवारी पहिला भाग पुन्हा दाखवून मग दुसरा दाखवला. तो पहिला भाग दिग्दर्शित करणारे वारिस हुसेन लखनौला जन्मलेले, तेव्हा अवघे २४ वर्षांचे. निर्माती व्हेरिटी लँबर्ट २७ वर्षांची. दोन पोरांच्या हाती दिलेलं हे काम साठ वर्षांनंतरही संपलेलं नाही.

कथा अशी की डॉक्टर नावाचा एक परग्रहवासी जुन्या पोलिसांच्या निळ्या पेटीत बसून काळात मागेपुढे हिंडतो. (फोन बूथ म्हणायचं नाही. मी एकदा म्हटलं होतं.) पेटी बाहेरून कपाटाएवढी, आत वाडाभर. मरायची वेळ आली की डॉक्टर मरत नाही, त्याचं अख्खं शरीर बदलतं आणि नवा नट पुढे चालू लागतो. १९६६मध्ये पहिले डॉक्टर विल्यम हार्टनेल यांची तब्येत साथ देईना तेव्हा काढलेली ही पळवाट. तिला रिजनरेशन म्हणतात, आणि मालिका इतकी टिकली ती या एका पळवाटेवर.

आता गाडी कुठे अडली आहे ते सांगते. ३१ मे २०२५ला शेवटचा भाग लागला. शुटी गॅटवाचा डॉक्टर शेवटच्या मिनिटाला बदलला आणि समोर आली बिली पायपर, जी २००५मध्ये डॉक्टरची सोबतीण रोझ होती. आता खरी गंमत श्रेयनामावलीत. नवा नट आला की एरवी 'डॉक्टरच्या भूमिकेत' असं नावापुढे येतं. इथे नुसतं नाव. भूमिका कोणती, त्याबद्दल चकार शब्द नाही. झालं! आमच्या ऑफिसात एका शहाण्यासुरत्या अकाउंटंट बाईने मला कँटीनमध्ये धरून वीस मिनिटं फक्त त्या न लिहिलेल्या शब्दांचा अर्थ सांगितला. माझी कॉफी गार झाली, तिला पत्ता नाही.

ऑक्टोबरअखेर बीबीसीने जाहीर केलं की डिस्नेबरोबरची भागीदारी संपली, मालिका चालू राहणार, आणि २०२६च्या नाताळात रसेल टी डेव्हिस यांनी लिहिलेला एक खास भाग येईल. एक. बाकी पुढच्या सीझनचं यथावकाश. म्हणजे दीड वर्षाच्या उपासाला एक खजूर. डिसेंबरात याच विश्वातली एक वेगळी छोटी मालिका येऊन गेली, पण तिच्यात डॉक्टर नाही, त्यामुळे आमच्या गल्लीत ती धरत नाहीत.

बरं, 'नवा सीझन' म्हणतानाही जपून. २००५ला मालिका पुन्हा सुरू झाली तेव्हा मोजणी एकपासून केली, २०२४ला परत एकपासून. त्यामुळे 'पहिला सीझन' म्हटलं की समोरचा विचारतो, कोणता पहिला? शिवाय जुने लोक १९८९पर्यंतच्यांना सीझन आणि नंतरच्यांना सिरीज म्हणतात. सुनेला सासरचं नातं कळायला वर्ष लागतं तसं मला हे कळायला लागलं.

हे सगळं मला ज्यांच्यामुळे कळलं ते आमचे शेजारी. वय बहात्तर. लेक त्यांना इथल्या रीतीप्रमाणे बिनदिक्कत नावाने हाक मारतो. माझ्या तोंडून ते निघत नाही. दक्षिण वेल्समध्ये आजोबांना 'तादकी' म्हणतात, मी मनातल्या मनात तेच म्हणते. पहिला भाग लागला तेव्हा तादकी नऊ वर्षांचे होते. १९८९ला मालिका बंद पडली आणि २००५पर्यंत, मध्ये १९९६चा एक टीव्ही चित्रपट सोडला, तर पडद्यावर काही नाही. त्या काळाला चाहते 'वनवास' म्हणतात, म्हणजे शब्द त्यांचा वेगळा, पण अर्थाने वनवासच. आपला चौदा वर्षांचा, यांचा सोळा.

पण वनवासात हे लोक स्वस्थ बसले नव्हते, आणि मला या सगळ्यात नवल वाटतं ते याचंच. मालिका नाही तर नाही, कादंबऱ्या लिहिल्या. १९९९पासून जुन्या नटांना घेऊन श्राव्य नाटकं काढली. रसेल टी डेव्हिस यांनीही त्या काळात एक कादंबरी लिहिली होती, आणि पुढे २००५मध्ये मालिका कार्डिफला आणून उभी केली ती त्यांनीच. डेव्हिड टेनंट लहानपणापासूनचा चाहता, तो डॉक्टर झाला. पीटर कपाल्डीचं या मालिकेबद्दलचं शाळकरी वयातलं पत्र १९७४मध्ये 'रेडिओ टाइम्स' या साप्ताहिकाने छापलं होतं. तोही पुढे डॉक्टर झाला. प्रेक्षकांतून उठून सरळ रंगमंचावर चढलेली ही माणसं. म्हणून इथे कोणी चाहत्यांना वेडे म्हणत असेल तर जरा दबकूनच म्हणतं.

एकदा तादकींनी आम्हाला चहाला बोलावलं आणि एक आवाज ऐकवला. साठच्या दशकातले कितीतरी भाग बीबीसीने पुसून टाकले. टेप महाग, त्या पुन्हा वापरायच्या. पुनःप्रक्षेपणाचा विचार तेव्हा नव्हता. शंभराच्या आसपास भाग असे हरवले, त्यातले नऊ २०१३मध्ये चक्क नायजेरियातून परत आले. चित्र गेलं, पण आवाज मात्र सगळ्या भागांचे आहेत, कारण घराघरांत पोरांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून ते उतरवले होते. तादकी त्यांतलेच एक. १९६७मध्ये, वय तेरा, वडिलांचं रिळांचं मशीन, माइक टीव्हीच्या जाळीला टेकवलेला, हात अवघडला तरी हलवायचा नाही.

लॅपटॉपवर त्यांनी ते लावलं. खरखर. धून, जी डीलिया डर्बीशर यांनी टेपचे तुकडे कापून, जोडून बनवली होती. मग कुठल्याशा बोगद्यातले संवाद, पावलं, किंकाळी. आणि किंकाळीवर चढून एका बाईचा खणखणीत आवाज, जेवण गार होतंय, आता येतोस का मी येऊ! खुर्ची सरकल्याचा आवाज. मग परत परग्रह. तादकी म्हणाले, माझ्यापेक्षा चांगल्या प्रती इतरांकडे आहेत, माझी कोणी मागत नाही. लेकाने ते चार वेळा लावायला लावलं. दर वेळी हाकेच्या आधी तादकींचे ओठ हलायचे.

आमच्या गावाचं म्हणाल तर सगळं गाव म्हणजे सेटच. २००५च्या पहिल्या भागात दुकानातले पुतळे जिवंत होऊन लोकांवर धावतात ते क्वीन्स आर्केड, जिथे मी मोजे घेते. कार्डिफ बेच्या काठावर एक भिंत आहे, चिठ्ठ्या, फुलं, फोटोंनी भरलेली. पहिल्यांदा पाहिली तेव्हा वाटलं, कोणी तरुण मुलगा अपघातात गेला असावा. मी क्षणभर मान खाली घालून उभीही राहिले. नंतर कळलं, ते 'टॉर्चवुड' या उपमालिकेतल्या यांटोचं स्मारक. पात्र २००९मध्ये मेलं, लोक अजून फुलं वाहतात.

या 'टॉर्चवुड' नावाची एक गोष्ट आहे, ती लक्षात ठेवा. 'डॉक्टर हू'चीच इंग्रजी अक्षरं उलटसुलट करून ते झालंय. नव्या मालिकेच्या टेप चोरीला जाऊ नयेत म्हणून डब्यांवर हे खोटं नाव घालायचे. म्हणजे ही मंडळी पाटीवर एक लिहितात आणि आत दुसरंच असतं.

गेल्या आठवड्यात बातमी फुटली की आमच्या मागच्या रस्त्यावर दिव्याच्या खांबाला पिवळी पाटी लागली आहे. शूटिंगच्या गाड्यांना वाट दाखवणारी, बाण आणि दोन-तीन अक्षरं, बस. सकाळी साडेसहाला दार वाजलं. तादकी, रेनकोटात, हातात थर्मास. लेक पायजम्यावर जॅकेट चढवून तयार. मी का गेले ते मला विचारू नका.

खांबापाशी आमच्याआधी अकरा माणसं. एक आजीबाई घडीची खुर्ची घेऊन आलेल्या. पाऊस, म्हणजे इथला, पडतोय की नुसता हवेत लटकलाय कळत नाही असा. सव्वासातला एक पांढरी गाडी आली, तिच्यातून एक मुलगी उतरली, आमच्याकडे बघून तिला सगळं कळलं असावं. अगदी हळू आवाजात म्हणाली, तुम्ही ज्याच्यासाठी आलात ते हे नव्हे, आम्ही हॉस्पिटलच्या मालिकेचे. मागून अँब्युलन्स आलीच. डॉक्टरची वाट पाहिली आणि आलं ते आख्खं इस्पितळ! आईला हे सांगायलाच हवं, असं मनात म्हणत मी लेकाचा हात धरून वळले.

बाकी कोणी हललं नाही.

"चला ना," मी म्हटलं.

तादकींनी थर्मासचं झाकण फिरवलं, लेकाला कपात चहा ओतून दिला आणि अँब्युलन्सकडे डोळे बारीक करून पाहत म्हणाले, "हॉस्पिटलचीच म्हणून सांगणार ना. दुसरं काय सांगतील?"

खुर्चीतल्या आजीबाईंनी मान डोलावली. आम्ही पावणेनऊपर्यंत तिथे होतो.